पाण्यात मराठी बंद

जुलैच्या भर उन्हात शारजातल्या एका कपड्याच्या दुकानात जाऊन मी माकडटोपी मागितली. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "भाईसाब, कश्मीर जा रहे हो क्या?" मी म्हटलं, "नहीं, अबू धाबी." तो एवढ्या मोठ्याने हसला की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला. शेवटी त्याने माळ्यावरून एक धुळकट खोकं उतरवलं. त्यात दोन माकडटोप्या आणि आतून घालायच्या लोकरी कपड्यांचे दोन जोड निघाले. मी सगळे उचलले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला आणि काखेत लोकरीचं गाठोडं, असा मी रस्त्याने चाललो होतो. लोक वळून वळून बघत होते. बघेनात का!

मी पाणबुड्या होतो. हमरिया फ्री झोनच्या धक्क्यावर लागलेल्या जहाजांच्या खाली उतरून तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, हे माझं काम. मुंबईच्या गोदीत शिकलो आणि दोन हजार सालाच्या आसपास शारजाला आलो. काम पाणबुड्याचं, पण व्हिसावर लिहिलेलं 'हेल्पर'. हेल्परला बायकामुलं आणता येत नाहीत. माझी बायको आणि पाच वर्षांची मुलगी रत्नागिरीजवळ गावी होत्या.

आमच्या खोलीत सहाजण राहायचे, पाच केरळचे आणि सहावा मी. माणसं सोन्यासारखी, पण आपापसात बोलायला लागली की मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. दिवसभर हिंदी, मोडकंतोडकं इंग्रजी, आणि यल्ला, खलास एवढंच अरबी. मराठी फक्त शुक्रवारी फोनवर. त्यातही मुलीला काही विचारलं की तिकडून आवाजच यायचा नाही. मग बायको सांगायची, "अहो, मान हलवतेय ती." आता फोनवर हललेली मान मला कशी दिसणार? मी "शहाणी गं माझी" म्हणायचो आणि फोन ठेवून खाली टपरीवर उगाच एक चहा प्यायचो. फार एकटं वाटायचं. आता सांगायला लाज नाही वाटत, तेव्हा वाटायची.

कंपनीत माझ्याखेरीज मराठी माणूस एकच. पाणबुड्या खाली असताना त्याच्या कमरेची दोरी वर एकजण धरून बसतो, माझी दोरी धरणारे ते. वसईचे ख्रिश्चन, साठीला टेकलेले, मी त्यांना अंकल म्हणायचो. पण समुद्रावर बोलायला कुठे मिळतं? दोरीला एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ढील द्या, चार म्हणजे ओढा. वर आलो की पुढच्या जहाजाची घाई. वर्षभर आमची सगळी भाषा हिसक्यांचीच होती.

मग ते टाकीचं काम आलं. अबू धाबीजवळ, मुसफ्फाच्या पुढे, आता मोहम्मद बिन झायद सिटीत एवढी कुटुंबं राहतात त्याच्या आसपास, तेव्हा बरीचशी वाळूच होती. तिथे एक भलीमोठी बंद टाकी होती. आसपासच्या इमारतींचे एसी चालवायला लागणारं गार पाणी तिच्यात साठवायचे. पाणी चार अंशांचं, बर्फ व्हायला थोडंच कमी. तळाशी पाइपांच्या आठ फांद्या, प्रत्येकीला शेकडो भोकं, आणि ती गाळाने बुजलेली. टाकी रिकामी करायची तर एसी बंद. उन्हाळ्यात इथे एसी बंद करून बघा एकदा! म्हणून पाणी असतानाच कुणीतरी खाली उतरून भोकं ब्रशने मोकळी करायची, असं ठरलं.

मॅनेजरने मला बोलावलं. "तू कर. पूर्ण टाकी तू एकट्याने केलीस तर तुझ्या व्हिसावर टेक्निशियन लिहायची शिफारस मी देतो. मग आण फॅमिली." मी बाहेर आलो आणि अंकलना सांगितलं. ते म्हणाले, "अरे, त्या पाण्यात माणूस गारठून मरेल." मी म्हटलं, "एप्रिलमध्ये इथल्या इंडियन शाळा सुरू होतात अंकल. मुलीला पहिलीत इथेच घालायचीय."

गार पाण्यातली कामं आमच्यापैकी कुणीच केली नव्हती. ऑफिसने कुठल्याशा पुस्तकातल्या एका प्रकरणाच्या झेरॉक्स हातात ठेवल्या. गोठलेल्या तळ्यात बर्फाला भोक पाडून बुडी कशी मारावी, असं ते प्रकरण. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये शारजाच्या बाहेर पडायलाच आमच्या व्हॅनला तास लागायचा. त्या तासात अंकल चष्मा लावून मोठ्याने वाचायचे आणि मराठीत सांगायचे. भोक एकच असतं, ते चुकलं की संपलं. दोरी कधीही सैल सोडायची नाही. बुडी मारणाऱ्याला आधी घाम येऊ द्यायचा नाही, कारण ओली लोकर पाण्याखाली दगा देते. हातमोज्यांत आधीच कोमट पाणी ओतायचं. आणि एका पानावर लिहिलं होतं की भोकाभोवती बर्फावर वाळू टाकावी, म्हणजे दोरीवाल्याचा पाय घसरत नाही. अंकलनी चष्मा काढून खिडकीबाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर वाळू. "वाळूची सोय आहे म्हणावं. बर्फ तेवढा पाठवून द्या." त्या दिवशी मी इतका हसलो की ड्रायव्हरने गाडी हळू केली.

टाकीच्या छपरावर एक झाकण होतं, जेमतेम एक माणूस जाईल एवढं. छपराचा पत्रा तापून बूट चिकटायचे. म्हणून कपडे घालायचे ते खाली, एसी चालू ठेवलेल्या व्हॅनमध्ये. लोकरीचे कपडे अंकल बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात कोरडे ठेवायचे आणि अगदी शेवटच्या पाच मिनिटांत काढायचे. त्यावर आतून कोरडा राहणारा रबरी सूट. माकडटोपीचा गळ्याकडचा भाग दुमडून ती डोक्यावर बसवायची आणि वर हेल्मेट. "आता लग्नाला न्यायला हरकत नाही," असं म्हणून ते माझ्या हेल्मेटवर टिचकी मारायचे. मग जिना चढून वर. भोकापाशी बसवून थर्मासमधलं कोमट पाणी माझ्या हातमोज्यांत ओतायचे, स्वतःच्या छातीवर क्रूसाची खूण करायचे आणि दोरी हाताला घ्यायचे.

या कामासाठी हेल्मेटमध्ये फोन बसवला होता. वर अंकलपाशी पेटी, तिच्यातून माझा आवाज. म्हणजे मला कामावर मराठी बोलायला मिळणार होतं! त्या आनंदातच पहिल्या दिवशी घोळ झाला.

शिडीची शेवटची पायरी, पाणी छातीपर्यंत. मी सवयीने म्हणालो, "येतो, अंकल." घरातून निघताना म्हणतात तसं. आमच्याकडे कुणी निघताना 'जातो' म्हणत नाही. लहानपणी एकदा मी 'जातो' म्हटलं तर आईने उंबऱ्यावरून परत बोलावलं होतं, पाटावर बसवून हातावर साखर ठेवली होती आणि 'येतो' म्हणायला लावूनच सोडलं होतं. पण अंकल पेटीत डोकं घालून बटणं बघत होते. त्यांनी ऐकलं 'येतो'. त्यांना वाटलं, याला काहीतरी झालं, हा वर येतोय. त्यांनी जीव खाऊन दोरी ओढली. मी शिडी सोडलेलीच होती. असा आडवा आपटलो की सूटची मनगटाची पट्टी शिडीच्या बोल्टला अडकून फाटली आणि बाहीत बर्फासारखं पाणी शिरलं. वर आलो तेव्हा हात निळा पडला होता. पहिला दिवस फुकट गेला.

सुपरवायझर केरळचे, शिस्तीचे. त्यांनी डोक्यावर हात मारला. "कमिंग बोला, तो पुल किया. राइट है ना?" अंकलनी त्यांना समजावलं की येतो म्हणजे जातो. "येतो मीन्स गोइंग?" "हां सर." "देन कमिंग को क्या बोलते?" "वो भी येतो." सुपरवायझरनी पेटीवर थाप मारली. मग म्हणाले, "खलास. पानी में मराठी बंद. ओन्ली इंग्लिश."

झालं! गोइंग, कमिंग, ओके. मला कुठे माझ्या भाषेत बोलायला मिळणार होतं, तर तेही माझ्याच एका शब्दाने घालवलं. परतीच्या वाटेवर अंकल म्हणाले, "चूक माझीच रे. जाताना माणूस येतो म्हणतो, हे मला कळायला नको?" मी झोपेचं सोंग घेतलं. रुसलो होतो, दुसरं काय?

समुद्रात पाणबुड्या एकटा नसतो. तिथे मासे असतात, लाटांचा आवाज असतो, वरून बोटी जातात. टाकीत काहीच नव्हतं. दिवा लावला की हातभर पाणी दिसायचं आणि पुढे काळोख. आपलाच श्वास ऐकायचा. गारठा आधी कपाळात शिरायचा, मग बोटांत, आणि वीस मिनिटांनी ब्रश हातात आहे की नाही हे डोळ्यांनी बघावं लागायचं. अर्ध्या तासाच्या वर राहायचं नाही, असा नियम होता. पेटीतून अंकल दर दोन मिनिटांनी विचारायचे, "ओके?" मी म्हणायचो, "ओके." थंडी वाजते असं एकदाही म्हणालो नाही. म्हटलं असतं तर दुसरा पाणबुड्या आणला असता आणि माझी मुलगी तिकडेच मान हलवत बसली असती. दात वाजायला लागले की मी बोलायचं टाळायचो. पण वर आलो की सुंठ घातलेल्या चहाचा कप माझ्या हातात न देता अंकल स्वतः माझ्या तोंडाला लावायचे. बोटांचं गुपित त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार.

सात फांद्या झाल्या. आठवी राहिली.

त्या दिवशी मी कपडे घालून, सूट चढवून तयार, आणि गेटवरून निरोप आला की आजच्या परवान्यावर अजून सही व्हायचीय. दहा मिनिटं म्हणाले. म्हणून मी तसाच छपरावर थांबलो. दहाची चाळीस झाली. 'इन्शाल्ला, पाच मिनिटं' असं ऐकत सूटच्या आत मी घामाने चिंब झालो. परवाना आला तेव्हा अंकल म्हणाले, "खाली चल. आतले कपडे बदल. डब्यात दुसरा जोड आहे." मी म्हटलं, "परत अर्धा तास जाईल. मग दुपारची शिफ्ट येईल, काम उद्यावर जाईल. नको." "अरे, आतली लोकर ओली आहे तुझी." "अंकल, शेवटची फांदी आहे हो!" मी त्यांच्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर. त्यांनी थर्मास उघडून हातमोज्यांत पाणी ओतलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. पाण्यात गेल्यावर पाठीतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. मग थरथर सुरू झाली, ब्रश पाइपावर वाजायला लागला. मी भोकं मोजत होतो. मग मोजता मोजता परत पहिल्यापासून मोजायला लागलो. मग थरथर थांबली. बरं वाटायला लागलं, अगदी उबदार. मला वाटलं, जिंकलो! हात हलत नव्हता, पण त्याचं काही वाटत नव्हतं. खाली बसावंसं वाटलं म्हणून मी टाकीच्या तळावर बसलो. कुणाची आठवण आली नाही. बायकोची नाही, मुलीची नाही. लोक म्हणतात, शेवटी घरचे डोळ्यांसमोर येतात. माझ्या डोळ्यांसमोर कुणीही आलं नाही, आणि या गोष्टीची मला अजून भीती वाटते.

मी काय बोललो ते मला आठवत नाही. अंकलनी नंतर सांगितलं. त्यांनी विचारलं, "ओके?" मी शांतपणे, घरात बोलावं तसं म्हणालो, "अंकल, मी जातो."

सुपरवायझर शेजारीच उभे होते. इतक्या दिवसांत चार शब्द तेही शिकले होते. म्हणाले, "जातो मीन्स गोइंग, ना? ठीक है, लेट हिम गो." अंकल तोवर उठून उभे राहिले होते. चार हिसक्यांची वाट बघितली नाही, परत विचारलं नाही. हातावर हात टाकत दोरी ओढायला लागले. साठीचा माणूस, तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकून. त्यांच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली. भोकातून मला बाहेर काढलं तेव्हा माझे डोळे उघडे होते, पण मी त्यांना ओळखत नव्हतो म्हणे.

बाहेर पंचेचाळीस अंश. ओले कपडे काढून मला चादरीत गुंडाळलं होतं आणि मी कुडकुडत होतो. कुणीतरी हातपाय चोळायला लागला तर अंकलनी त्याला झिडकारलं, "चोळू नको, पुस्तकात नाही म्हटलंय." डॉक्टर येऊन गेला. जीभ वळायला लागल्यावर मी पहिलं काय विचारलं असेल? "किती राहिली?" सुपरवायझर म्हणाले, "फॉर यू, खलास." दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचे दोन पाणबुडे आले आणि त्यांनी आठवी फांदी तासाभरात उरकली. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, पण ठरलं होतं ते 'पूर्ण' टाकीचं. शिफारस मिळाली नाही.

मी अंकलवर चिडलो. खरंच सांगतो. ज्याने जीव वाचवला त्याच्यावरच चिडलो. व्हॅनमध्ये त्यांना म्हणालो, "दहा मिनिटं थांबला असतात तर काय बिघडलं असतं? झालं असतं माझं काम." ते बँडेज बांधलेल्या हातांनी दोरीची वेटोळी करत होते. म्हणाले, "तू जातो म्हणालास." "मग? सुपरवायझरनेच सांगितलं होतं ना गोइंग म्हणायचं? तोंडातून मराठी निघालं एवढंच." त्यांनी दोरी बाजूला ठेवली. "अरे बाबा, इतके दिवस तुझ्याबरोबर काढले. निघताना जातो म्हणणारा माणूस आहेस का तू?"

शुक्रवारी घरी फोन केला, एप्रिलला जमणार नाही म्हणून सांगितलं. बायकोने एवढंच विचारलं, "जेवलात का?" टाकीत काय झालं ते तिला सांगितलं नाही. मुलगी फोनवर आली आणि तिने पुन्हा मान हलवली असणार.

पुढे दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत मला टेक्निशियनचा व्हिसा मिळाला आणि दोघी आल्या. मुलगी शारजाच्या शाळेत गेली आणि सहा महिन्यांत इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. सकाळी बसपाशी "बाय पप्पा, आय ॲम गोइंग" म्हणायची. मी म्हणायचो, "येते म्हण." "बट आय ॲम गोइंग, पप्पा!" तिचंही बरोबरच होतं.

पण ते नंतरचं. टाकीच्या कामानंतरच्या हिवाळ्यात अंकलना साठ पूर्ण झाली आणि कंपनीने व्हिसा कॅन्सल केला. मधल्या काळात आम्ही कामापुरतंच बोलत होतो. ते बोलायला बघायचे, मीच नाक वर करून असायचो. त्यांना विमानतळावर सोडायला कुणी जायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा मी म्हटलं, मी जाईन.

सकाळची वेळ, नेहमीसारखा तुंबलेला ट्रॅफिक. मागच्या सीटवर त्यांची दोन खोकी, आमच्याच जुन्या दोरीने बांधलेली, गाठीही आमच्याच. माझ्या मनात होतं की आज बोलायचं, अंकल, मी चुकलो, तुम्ही होतात म्हणून मी आहे. पण मी बोललो काय, तर "आज गर्दी जरा कमीच आहे." ते म्हणाले, "हो, कमी आहे." विमानतळ आला. ट्रॉलीवर खोकी चढवली. त्यांनी माझ्या डोक्यावर टिचकी मारली, हेल्मेटवर मारायचे तशी.

"चल रे बाबा," ते म्हणाले. "जातो मी."

माझा हात आपोआप पुढे गेला. मी त्यांच्या शर्टाची बाही घट्ट धरली आणि खेचली. ट्रॉली तिरकी झाली, मागची माणसं थांबली.

"अरे सोड, शर्ट फाटेल."

"येतो म्हणा."

"आता कुठून येणार मी? साठी झाली, व्हिसा गेला. खोटं कशाला बोलू?"

"खोटं तर खोटं. म्हणा अंकल."

त्यांच्या तळव्यावर दोरीचा वण अजून होता, तो हात त्यांनी माझ्या मुठीवर ठेवला.

"येतो," ते म्हणाले.

मग मी बाही सोडली.